ध्रुवपारचे नऊ टोल

इंद्रजितने गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि मोबाईलवरचा ठिपका पुन्हा एकदा पाहिला. ठिपका याच दारावर होता. आंबवड्याच्या पुढे फाट्यावरून आत गेलेलं हे त्याचंच गाव. पण खालच्या अंगाच्या या वस्तीत तो उभ्या आयुष्यात दोनदा आला असेल, तेही निवडणुकीत, कुणाच्या तरी मागे. 'यान नऊ' नावाने वर्षभर आपल्याशी भांडणारा माणूस पुण्याकडचा कुणी इंजिनिअर असणार, असं तो धरून चालला होता.

दार उघडलं ते पंचेचाळिशीच्या एका बाईने. बोटांना डिंक लागलेला, मागे सतरंजीवर अंगणवाडीच्या पोरांसाठी कापलेली कागदी फळं.

"जय भीम. तुमीच 'ध्रुवपार'चे ॲडमिन ना? मी छाया. या, आत या."

"यान नऊ म्हणजे... तुम्ही?"

"का? बाईनं यानात बसू न्हाई?"

इंद्रजित ओशाळून हसला आणि खुर्चीवर टेकला.

'ध्रुवपार' ही काय चीज आहे हे त्यातल्या माणसांना कधी सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. अंतराळात भरकटलेल्या एका यानाची गोष्ट. तीस-बत्तीस वर्षांत पाच मालिका, चार कप्तान. इंद्रजितच्या ग्रुपवर दोन हजार माणसं. दुसरा कप्तान थोर की तिसरा, चौथ्या मालिकेने वाटोळं केलं की नाही, पाचवीतल्या रडक्या यंत्रमानवाची गरज काय होती, यावर माणसं सख्ख्या भावांसारखी भांडत. नसरापुरात आता त्याचं घर आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं, तरी तिसऱ्या मालिकेला कुणी नावं ठेवली की तो आधी त्याचा समाचार घ्यायचा.

पहिल्या मालिकेच्या टेपा मात्र आता कुठेच मिळत नव्हत्या. अठरा भाग, आणि पुरावा म्हणाल तर लोकांची आठवण. ग्रुपने पुस्तक काढायचं ठरवलं तेव्हा पहिल्या मालिकेचं प्रकरण आपोआप इंद्रजितकडे आलं, कारण त्याने ते अठराही भाग नऊ वर्षांचा असताना घरात बसून पाहिले होते. गावातला तेव्हाचा एकुलता एक टीव्ही त्याच्याच घरी होता, आणि ही गोष्ट तो अजूनही जरा मान ताठ करून सांगे.

मग त्या प्रकरणाच्या मसुद्यात यान नऊने लिहिलं, की प्रत्येक भाग सुरू होण्याआधी यानात नऊ टोल पडायचे. इंद्रजितने लिहिलं, असं काहीही नव्हतं. उत्तर आलं, 'होतं. मी ऐकलंय.' पुढे चार दिवस ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. थापाड्या, लक्ष वेधून घेणारा, काढून टाका. इंद्रजितला त्याला ग्रुपमधून काढवेना, म्हणून त्याने भेटायचं ठरवलं.

"पुस्तक छापायला जातंय," तो म्हणाला. "ते टोलांचं वाक्य सगळे काढा म्हणतायत."

"काढू नका." छायाने चहाचा कप त्याच्या हातात दिला. "शाळेत म्या 'ध्रुवपार'मदलं काय सांगितलं की पोरी म्हनायच्या, तुमच्याकडं कुठं टीव्ही हाय, थापा मारतीस. आता हितंबी तेच. काढू नका तुमी."

तिचा आवाज चढला नव्हता, पण कप देताना बशी वाजली.

"बरं, पहिला भाग सांगा."

तिने सांगितला. कप्तान डाव्या पायाने लंगडा असणार, कारण त्याचा एक पाय फरशीवर घासायचा. दिशा सांगणारी बाई खोटं बोलायच्या आधी हलकं खोकायची. यानाचं दार उघडताना सुस्कारा टाकायचं, बंद होताना नाही. इंद्रजित ऐकत राहिला. कप्तान लंगडत होता हे त्याला आठवत होतं. ती बाई खोकायची हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"आणि कप्तानाचा गणवेश? रंग कुठला?"

छाया सतरंजीकडे वळली. मग म्हणाली, "ते न्हाई सांगता यायचं. म्या 'ध्रुवपार' बघितलं न्हाई. ऐकलं."

"कुठं?"

"तुमच्या खिडकीखाली." ती सतरंजीवर बसली आणि कागदी आंबा सारखा करू लागली. "आमी सातआठ पोरं येत व्हतो. आत कोन घेतंय आमाला? भिताडाला पाठ लावून बसायचो."

त्या खिडकीखाली पोरं बसत, हे इंद्रजितला माहीत होतं. माहीत होतं आणि कधी आठवलं नव्हतं.

"टोल कसे पडायचे?" त्याने विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

छायाने चमचा घेऊन पितळी तांब्यावर मारला. एक, दोन, तीन, चार, पाच. मग श्वासभर थांबली. सहा, सात, आठ, नऊ.

पाचव्यानंतरच्या त्या थांबण्याने इंद्रजितच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांच्या भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं. एकदा खाली पडलं, तेव्हापासून पाचव्या टोलाला अडखळायचं आणि नेहमी एक टोल जास्त द्यायचं. रविवारी रात्री आठला 'ध्रुवपार' लागायचं, तेव्हा घड्याळ नऊ वाजवायचं. घरातल्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की ते ऐकूच येईनासं झालं होतं.

"ताई, ते आमचं घड्याळ होतं," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

छायाने चमचा खाली ठेवला.

"म्हंजे यानात टोल न्हवते."

"नव्हते."

"पर म्या खोटं न्हवते बोलत."

"नाही. अजिबात नाही."

तिने मान हलवली. तांब्या बाजूला सरकवला. मग तिने विचारलं, "कप्तान शेवटी परत येतो का वो?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"तेरा भाग ऐकले. चौदाव्याला खिडकी लागली, ती पुन्हा उघडलीच न्हाई."

"ग्रुपवर विचारायचं की."

"इचारलं असतं तर कळलं असतं ना सगळ्यांना, मला ठावं न्हाई म्हनून."

खिडकीचा कडीकोयंडा इंद्रजितला आता स्पष्ट दिसत होता. बाहेर कुणीतरी हसलं होतं, ऐन रंगात आलेल्या प्रसंगात. त्याला कुणीही उठायला सांगितलं नव्हतं.

"मीच लावली होती," तो म्हणाला.

"ठावं हाय. हात दिसला व्हता. मनगटात लाल दोरा."

त्याला माफी मागायची होती. म्हणून तो घाईने म्हणाला, "शेवटच्या भागात काय होतं, की कप्तान..."

"असं न्हाई." छायाने हात वर केला. "घड्याळ हाय अजून?"

"आहे. नसरापूरला, माळ्यावर. बंद पडलंय. तुम्ही या ना घरी, दाखवतो."

"मी न्हाई यायची. तुमी आना हितं. दुरुस्तीवालेच हाय की तुमी."

"टोल नीट करून आणू?"

"नीट कशाला? नऊच पायजेत."

पुढच्या रविवारी इंद्रजितने घड्याळ जुन्या चादरीत गुंडाळून गाडीला बांधून आणलं. बुद्धाच्या तसबिरीशेजारी छायाने खिळा ठोकून ठेवला होता. घड्याळ टांगून झाल्यावर त्याने खिशातून एक कागद काढून तिला दिला. पुस्तकातल्या त्याच्या प्रकरणाचं पान होतं. ती दिव्याखाली जाऊन वाचू लागली.

'प्रत्येक भागाआधी नऊ टोल पडत. ते मालिकेत नव्हते, आमच्या घरात होते. आम्ही आत होतो, आम्हाला ते ऐकू आले नाहीत. आमच्या गावातली काही मुलं जातीमुळे बाहेर खिडकीखाली बसत, त्यांनी ते ऐकले. चौदाव्या भागाला ती खिडकी मी लावली.'

छायाने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि अंगणवाडीच्या पिशवीत ठेवला. परत दिला नाही.

आठ वाजले. घड्याळाने पाच टोल दिले, अडखळलं आणि उरलेले चार दिले. छाया भिंतीला पाठ लावून बसली होती, डोळे मिटून.

"हं," ती म्हणाली. "चौदावा सांगा."