पेटीवरचा काटा

चंपतरावांच्या महाल पेठेतल्या फोटो स्टुडिओत १९८७ साली एकच गोष्ट वाढत होती, ती म्हणजे धूळ. लग्नाचा अल्बम कोणी मागेना. जो तो विचारायचा, "व्हिडिओ आहे का?" चंपतरावांनी आधी नाक मुरडलं आणि मग निमूटपणे कॅमेरा घेतला. पण नुसत्या शूटिंगने भागत नाही, हे पहिल्याच लग्नात कळलं. आचारी कढईत काय ढवळतो, हे तासभर बघायला नवरीकडचेही तयार नसतात. काटछाट हवी, वर गाणी हवीत, नावं हवीत. त्यासाठी कॅसेट दुसऱ्याच्या दारात न्यावी लागे, आणि तो दुसरा ऐन लग्नसराईत देवापेक्षाही उशिरा पावे.

शेवटी ठरलं, एडिटिंगची पेटी आपलीच बांधून घ्यायची आणि तिच्यापुढे ताराने बसायचं.

तारा त्यांची एकुलती एक लेक. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती ओठ वाचायची, थोडं बोलायची. ते बोलणं घरच्यांनाच कळे, पण ती रागावली की न बोलताही साऱ्या गल्लीला कळे. नजर अशी की दीडशे फोटोंच्या गठ्ठ्यातून डोळे मिटलेला एक मामा ती बरोबर चिमटीत धरून बाहेर काढी. चंपतरावांचा बेत सरळ होता. चित्र तारा पाहील, आवाज पुतण्या देवराव पाहील. दोघं मिळून एक माणूस पुरा होईल. हे ते चारचौघांत बोलून दाखवत, आणि पाठ फिरवून बोललं की ताराला कळत नाही असं धरून चालत. तिला सगळं कळत होतं.

"देवराव शेजारी बसला, तं टेबल त्याचं," ती आईला म्हणाली होती. "मी नुसती बटन दाबणारी."

सीताबर्डीवर ओमप्रकाश टीव्ही मेकॅनिकचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला हवी तशी पेटी तो बांधून देई. एका रविवारी बापलेक त्याच्याकडे गेले, तेव्हा त्याने सगळे सुटे भाग काउंटरवर मांडून ठेवले होते. एक व्हीसीआर कॅसेट वाजवायला, दुसरा त्यातलं हवं तेवढंच भरून घ्यायला. पहिला लगेच ठरला. दुसऱ्यासाठी ताराने ओमप्रकाशला घाम फोडला. एकच दृश्य तिने तीन वेगवेगळ्या मशिनींवर जोडून दाखवायला लावलं. पहिल्या दोन मशिनींत जोडाच्या जागी रंगाचा एक बारीक पट्टा झरकन जाई. चंपतरावांना तो दिसलाच नाही.

"पोरीची नजर आहे का एक्सरे?" ओमप्रकाश म्हणाला आणि तिसरं मशीन बाजूला काढलं.

आता पेटीच्या तोंडावर एकच खाच उरली होती. ओमप्रकाशने थर्माकोलमधून एक लहानसा कंप्युटर काढला. तो टीव्हीला जोडला आणि बोटांनी टकटक केलं. पडद्यावर चंपतरावांचं नाव उगवलं, लाल झालं, हिरवं झालं, गोल फिरून मधोमध उभं राहिलं.

"इंग्रजीतच येते भाऊ, पण नाचत येते," ओमप्रकाश म्हणाला. "अख्ख्या महालात कोणापाशी नाही."

चंपतराव पाघळले. स्वतःचं नाव नाचताना पाहून कोण पाघळणार नाही? "बसव गा हाच," ते म्हणाले.

तारा मात्र काउंटरच्या मागे भंगारात हात घालून बसली होती. तिथून तिने जुन्या टेपरेकॉर्डरचा एक तुकडा आणला. काचेआड पांढरी पट्टी आणि तिच्यावर आवाजाबरोबर हलणारा एक काळा काटा. तो तिने खाचेत धरून पाहिला. बरोबर बसत होता.

"हा," ती म्हणाली.

"काहून वं?" चंपतराव वैतागले. "तुले ऐकू येत नाही, तं तुले आवाजाचा काटा कायले पायजे?"

ओमप्रकाशने दोन वायरी जोडल्या, माइक चंपतरावांच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाला, "आवाज द्या पोरीले."

"तारा!" चंपतराव खेकसले.

काटा ताडकन पलीकडच्या टोकाला आपटला. तारा काचेकडे बघत राहिली. मग तिने हळू बोला अशी खूण केली. ते हळूच "तारा" म्हणाले, आणि काटा अर्ध्यापर्यंत येऊन अलगद खाली बसला. तिच्या जन्मापासून ज्या नावाने ते तिला हाक मारत होते, ते नाव आज तिच्यापर्यंत पोचलं होतं. चंपतरावांनी उगाचच आणखी एकदा "तारा" म्हणून पाहिलं.

पण व्यापारी माणूस मन हललं तरी हिशेब सोडत नाही. कंप्युटर आणि काटा दोन्ही बसायला खाच नव्हती. "आन् नावं?" त्यांनी विचारलं.

"मी लिहीन. हातानं. तुम्ही कॅमेऱ्यात घ्या."

शेवटी त्यांनी अट घातली. पहिली कॅसेट काट्यावर करायची. फसली, तर काटा काढायचा, कंप्युटर बसवायचा आणि शेजारी देवरावाला. ताराने मान हलवली. हलवताना तिचे ओठ घट्ट मिटले होते.

पहिली कॅसेट बाबारावांच्या लेकीच्या, अरुंधतीच्या लग्नाची. बाबाराव इतवारीतले भिवापुरी मिरचीचे व्यापारी, आणि स्वभावही मालासारखाच तिखट. तारा काटा बघून काम शिकली. बँड वाजला की काटा टोकाला चिकटून बसे. मंगलाष्टकं पाळण्यासारखी वरखाली होत. व्याह्यांच्या भाषणात काटा एकाच जागी खिळून राही, म्हणून ते भाषण तिने निम्मं कापलं. कोणाचं काही बिघडलं नाही.

पाठवणी आली, तेव्हा देवराव सनईची कॅसेट घेऊन हजर झाला. "इथं काहीच आवाज नाही. सनई टाकून दे. समदे हेच करतात," तो म्हणाला.

तारा काट्याकडे बघत होती. पडद्यावर मोटारीच्या दाराशी बाबाराव लेकीच्या कानाजवळ वाकले होते आणि काटा केसाएवढा थरथरत होता. तिने वडिलांचं मनगट पकडलं. "इथं कोणीतरी बोलून राहिलं. काय ते सांगा."

चंपतरावांनी हेडफोन लावले. हे शूटिंग त्यांनीच केलेलं, कॅमेरा धरून ते चार हातांवर उभे होते, आणि तरी हे त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यांनी ते पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढले, ताराकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सावकाश सांगितला.

तारा म्हणाली, "सनई नको."

"काका, बिदाईले गाणं नाही?" देवराव हसला. "गिऱ्हाईक आपल्याले जोड्यानं मारेल!"

चंपतरावांना त्याचंच पटत होतं. पण अट त्यांचीच होती. सनई न घालता कॅसेट तयार झाली.

मांडवपरतणीला अरुंधती माहेरी आली, त्या संध्याकाळी बाबारावांच्या बैठकीत टीव्ही लावला. ताराने काढलेली नावं वळणदार देवनागरीत उमटली, तेव्हा बायका वाहवा म्हणाल्या. मंगलाष्टकं झाली, जेवणं झाली. पाठवणी आली आणि टीव्ही एकदम गप्प झाला.

"आवाज गेला वाटते," कोणीतरी म्हणालं. देवरावाने काकांकडे पाहिलं. तारा भिंतीला टेकून उभी होती, सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत.

तेवढ्यात टीव्हीतून, अगदी खालच्या पट्टीत, बाबारावांचा आवाज आला. "तुही सायकल मी कोणाले देत नाही, बाई. रोज पुसून ठेवीन."

तिखट बाबाराव खाली मान घालून धोतराच्या सोग्याने तोंड पुसायला लागले. "हे कसं आलं गा याच्यात?" एवढंच ते पुटपुटले.

अरुंधती उठली. शालू सावरत ती तडक मागच्या अंगणात गेली. आणि क्षणभराने तिथून सायकलची घंटी वाजली. एकदा, मग पुन्हा, मग लागोपाठ. बाबाराव रडता रडता हसायला लागले आणि सगळी बैठक त्यांच्याबरोबर हसली.

तारा गोंधळून बघत होती. लोक रडतात का हसतात, आणि सगळे अंगणाच्या दाराकडे का वळलेत? तिने बापाकडे पाहिलं.

चंपतराव गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर येऊन उभे राहिले. मग त्यांनी हाताचं कोपर दुसऱ्या तळव्यावर टेकवलं, बोट ताठ केलं, आणि अंगणात घंटी वाजेल तसतसा तो हात टोकापर्यंत झुकवायला लागले. एकदा, पुन्हा, लागोपाठ.

तारा त्या काट्याकडे बघत खळखळून हसली.