उलटं फिरलेलं चक्र

वैजयंताला जावा ही कॉम्प्युटरची नवी भाषा येत होती, आणि ते ती कुणाला विसरू देत नव्हती. भाईंदरच्या केबिन रोडवरच्या क्लासमध्ये ती संध्याकाळी शिकायची. त्यामुळे नव्याण्णवच्या जयंतीला पंधरा दिवस उरलेले असताना विहाराच्या समितीने तिलाच बोलावलं, यात काही नवल नव्हतं.

काम तिच्या वडिलांच्या प्रोग्रामचं होतं. धम्मपालांनी, म्हणजे तिच्या अप्पांनी, एक्याण्णव साली बेसिक या जुन्या कॉम्प्युटर-भाषेत धम्मचक्र लिहिलं होतं, चोवीस आऱ्यांचं, कडेला मणी असलेलं, पडद्यावर संथ फिरणारं. दर जयंतीला ते विहारात चालू व्हायचं आणि वंदना झाली की लोक त्याच्यासमोर घटकाभर थांबायचे. यंदा समितीने नवा कॉम्प्युटर घेतला. त्यात ती जुनी मोठी फ्लॉपी शिरेचना. उरला तो कागदावर छापून ठेवलेला प्रोग्राम, तोच आता जावात उतरवायचा होता.

मग अप्पांनाच विचारायचं की, असं कुणीही म्हणेल. पण ऑफिसात नवी मशीनं आली तेव्हा अप्पांना कॉम्प्युटरवरून उठवून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं गेलं, आणि वर्षभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. "माझं बेसिक गेलं, आता मला काही विचारू नका," म्हणाले, आणि खरंच कुणी विचारलं नाही. विहारात जाणंही सुटलं. त्यांची जखम कशाला उकरायची, असं वैजयंता म्हणायची. खरं तर तिला शाबासकीत वाटेकरी नको होता.

चार दिवसांत चक्र फिरू लागलं. विहार झाडणाऱ्या सरूबाई पदराला हात पुसत पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाई, हे उलटं फिरतंय."

"मावशी, चाक ते चाक."

"आपण प्रदक्षिणा कशी घालतो? धम्मपालचं तसं फिरायचं."

वैजयंताने ओळ न् ओळ ताडून पाहिली. सगळं जिथल्या तिथे होतं. एका जागी अधिकचं उणे केलं, तर आरे सरळ फिरले आणि कडेचे मणी उलटे. शेवटी सायबर कॅफेत बसून तिने परदेशी प्रोग्रामरांच्या एका न्यूजग्रुपवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चेच्या फळ्यावर, दोन्ही प्रोग्राम टाकले आणि मदत मागितली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, फक्त वळसा जरा लांबचा पडला.

तीन दिवसांनी दोन उत्तरं आली. एकाने टिंगल केली होती. दुसरं फिनलंडच्या एका माणसाचं होतं. "तुमचं रूपांतर मला बरोबर दिसतं. जुन्या मशीनवर काय दिसायचं ते मी सांगू शकत नाही. मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्याला विचारा. तो हयात आहे का?"

ते शेवटचं वाक्य तिला लागलं. तिने त्या उत्तराचा कागद छापून घेतला आणि घरी येऊन अप्पांच्या पेपरावर ठेवला.

अप्पांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग पेन्सिल मागितली.

"मी शून्य खाली धरलं होतं, वहीतल्या आलेखासारखं. खालून वर मोजायचं. तुझं जावा कुठून मोजतं?"

"वरून खाली."

"मग अख्खं चित्र उलटं पडलंय. गोल आहे म्हणून तुला कळलं नाही. आरे-मणी सोड, सुरुवातीची मोजायची ओळ तेवढी बदल."

"अप्पा, मी तुम्हाला आधीच विचारायला हवं होतं. चुकले मी."

अप्पांनी कागदाची घडी घातली. उठून त्यांनी इस्त्रीचा शर्ट अंगात घातला आणि कागद त्याच्या खिशात ठेवला.

विहारात वैजयंताने एक ओळ बदलली. चक्र क्षणभर थबकलं आणि प्रदक्षिणेच्या वाटेने फिरू लागलं. सरूबाईंनी आधी चक्राला हात जोडले, मग अप्पांना म्हणाल्या, "लई दिवसांनी आलास रे."

अप्पा पडद्याकडेच बघत होते. आरे मोजत असावेत. निघताना त्यांनी खिशातला तो कागद काढून लेकीच्या हातात दिला.

"त्या माणसाला उत्तर गेलं पाहिजे," ते म्हणाले. "लिही, हयात आहे."