कपारीतली मेणबत्ती

फेब्रुवारीत समुद्रकाठच्या तायरोना उद्यानाच्या फाटकाला साखळी लागते. महिनाभर त्याला विसावा. पर्यटक नाहीत, घोडे नाहीत, माझी नारळी पाव विकायची टोपली नाही. फक्त डोंगरावरचे कोगी लोक खाली येतात आणि त्यांचे पुजारी, मामो, खडकांपाशी बसून समुद्राकडून घेतलेल्याचं देणं पूजेनं फेडतात.

"मेणबत्तीसुद्धा नाही हं, मावशी," एडिल्बेरनं मला बजावलं होतं. माझा भाचा. यंदाच पहाऱ्यावर लागलेला. आधीचा पहारेकरी मला आत जाताना बघून तोंड फिरवायचा.

पण एकोणीस वर्षांपूर्वी निकानोरची होडी उलटली. उपसागराच्या टोकाच्या खडकाला धरून माझा नवरा रात्रभर तगला. तेव्हा मी कोळ्यांना सांभाळणाऱ्या कार्मेनमातेला शब्द दिला होता, त्याच खडकाच्या कपारीत रोज सकाळी तुझी मेणबत्ती लावीन. आईला पुरलं त्या दिवशीही मी आधी तिथे गेले. म्हणून यंदा एडिल्बेरला चुकवून, खारफुटीतून वाट काढून जात राहिले. नऊ दिवस.

दहाव्या दिवशी मामोला कपारीत मेण सापडलं. यंदा त्याच्या देण्याची जागाही नेमकी तीच होती.

मुख्य अधिकाऱ्यानं सगळ्यांना फाटकाशी बोलावलं. "मामो म्हणतात, पहिल्यापासून सगळं करावं लागेल. तुझ्या पहाऱ्यातून कुणीतरी आत जातंय, एडिल्बेर. झोपतोस की काय?"

"मला कुणी दिसलं नाही, साहेब."

"मग उद्यापासून येऊच नकोस."

एडिल्बेर माझ्याकडे बघत नव्हता. त्याला कळलं होतं. बोलले तर वाट कायमची बंद, आणि निकानोर पहाटे या वाऱ्यात समुद्रावर जाणार होता. नाही बोलले तर बहिणीच्या लेकराची भाकरी जाणार होती. मनातल्या मनात एक जपमाळ अर्धी झाली.

"मी होते," शेवटी म्हटलं. "खारफुटीतून जायचे. पोराला ठाऊक नव्हतं."

मामो म्हातारा होता. त्यानं पिशवीतून कापसाचा पेळू काढून माझ्या हातात दिला. "केलंस ते मनात आण आणि यात वळ."

मी बोटांनी वळत राहिले. पाद्रीबाबांपुढे एकेक पाप सांगावं, तसा एकेक दिवस त्यात घातला.

"आणखी काही?"

"उद्याही जावंसं वाटतंय."

"तेही यात घाल."

अधिकारी माझ्यावर बराच ओरडला. एडिल्बेरची नोकरी मात्र राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निकानोर जाळं खांद्यावर टाकत होता. "आज नका जाऊ," मी म्हटलं.

"एकोणीस वर्षं रोज भेटतेस मातेला," तो हसला. "एका दिवसात विसरेल होय?"

तो गेला. मी मेणबत्ती शालीखाली धरून फाटकापाशी जाऊन बसले. पलीकडे एडिल्बेर उभा होता. त्यानं तोंड फिरवलं नाही. पाणावल्या डोळ्यांनी माझ्याकडेच बघत राहिला. मी साखळीला हात लावला नाही. काडीही ओढली नाही, शब्द त्या कपारीचा होता, फाटकाचा नव्हता.

खडकांच्या मागून लाटांचा आवाज येत होता. दुपारपर्यंत वारा वाढतच गेला.