रताळ्यातलं निळं विष

मुरुम गावच्या बाजारात त्या दिवशी भाजीवाल्यांकडं कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. सारी गर्दी नीळकंठबाबाच्या चौरंगाभोवती लोटली होती. बाबानं कापलेल्या रताळ्यावर तांबूस तीर्थाचे दोन थेंब टाकले आणि पांढरी फोड बघता बघता काळीनिळी पडली.

"विष पिऊन शंभूचा कंठ निळा झाला. तेच विष आता भुईत उतरलंय, लेकरांनो! जमिनीखाली वाढतं ते विष, झाडावर पिकतं ते अमृत!" असं गर्जून त्यानं पिकल्या केळ्यावर तेच थेंब टाकले. केळं काही निळं पडलं नाही. लोकांनी 'हर हर महादेव' केलं आणि बाबानं एकदम मंतरलेल्या पाटीतल्या केळ्यांवर उड्या टाकल्या.

सिद्धम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सरकारी दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधायची. तिची लेक गौराबाई याच गावात दिलेली, महिन्याची बाळंतीण. यंदा ज्वारी निजाम सरकारच्या लेव्हीत, सक्तीच्या धान्यवसुलीत, गेली. घरात खायला उरली ती रताळी. तीही गौराच्या सासूनं, गिरिजाबाईनं, आठवड्यापूर्वी बाबाचं ऐकून गोठ्याच्या कोपऱ्यात लोटून दिली. विष म्हणून बैलांनाही घातली नाहीत. तेव्हापासून बाळंतिणीला सकाळी एक केळं, संध्याकाळी एक केळं. दूध आटत चाललं होतं आणि पोराचा रडून रडून घसा बसला होता.

सिद्धम्मा रोज जाऊन सांगायची, भांडायची. उत्तर ठरलेलं: "तुमाला बाबापरीस जास्ती कळतंय व्हय?"

आज ती रेटारेटी करत पुढं घुसली आणि थबकली. तीर्थाचा वास तिच्या ओळखीचा होता. खरचटलेल्या गुडघ्यांना ती रोज लावायची ते टिंचर आयोडीन! बाबाचा अंगठाही तिच्या अंगठ्यासारखाच तपकिरी डागाळलेला. आठवडाभर आपण नुसती तोंडाची वाफ दवडली, आधीच इथं का आलो नाही, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

तिनं चौरंगावरची बाटली उचलली. पाटीच्या तळातून एक हिरवं, कच्चं केळं ओढून काढलं आणि मोडून त्यावर थेंब टाकले. केळं रताळ्यासारखंच काळंनिळं पडलं.

"ते मंतरायचं राहिलं हुतं!" बाबा ओरडला.

"सगळी पाटी एकदम मंतरली म्हनत हुतात की!" सिद्धम्मा कडाडली. "अहो, हे दवाखान्यातलं औषध हाय. ज्यात पीठ असतं ते यानं निळं पडतं. केळं पिकलं की त्यातल्या पिठाची साखर हुती, म्हनून पिकलेलं पडत न्हाय. विष बिष काई न्हाय! केळं बी अन्न, रताळं बी अन्न. पर रताळं पोटाला धरून ऱ्हातं. दोन केळ्यांवर बाळंतीन जगती का?"

गर्दीतून बंडप्पा तेली पुढं आला आणि त्यानं सिद्धम्माच्या पायावर डोकं ठेवलं. "बाबापरीस तुजी शक्ती मोठी, माय!" त्याच्यामागं आणखी चौघं वाकले. तेवढ्यात बाबानं पाटी काखोटीला मारून पोबारा केला.

आपल्या पायाशी वाकलेली डोकी बघून सिद्धम्माला रडू कोसळलं. "उठा! ह्याला शक्ती लागत न्हाय! डोळं उघडं ठेवा, इचारा, सोता करून बघा. जे कुनाच्या बी हातनं हुतंय, त्यो चमत्कार कसला?"

गर्दीत गिरिजाबाई उभी होती. सिद्धम्मानं बाटली तिच्या हातात कोंबली. "विहीनबाई, आता तुमीच टाका."

गिरिजाबाईनं घाबरत घाबरत रताळ्याच्या नव्या फोडीवर थेंब सोडला. फोड काळीनिळी पडली. ती कितीतरी वेळ आपल्या हाताकडं बघत राहिली.

"हे तर माज्या बी हातनं झालं," ती पुटपुटली.

"व्हय. आता त्याच हातानं रताळी उकडा," सिद्धम्मा म्हणाली. "माजी लेक आठ दिस उपाशी हाय."