नासक्या दुधाचा छडा

आठवडाभर डेअरीचं दूध पिशवीतच नासत होतं आणि तक्रारी ऐकून सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. मॅनेजरसाहेबांनी दूध घालणाऱ्यांवर खापर फोडलं. वहिनींना मात्र ते पटेना. वहिनी तिथल्या फिटर. धाकटा दीर कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर, म्हणून अख्खी डेअरी त्यांना वहिनीच म्हणे. तापवलेलं दूध टाकीत जाताना चांगलं असतं आणि बाहेर पडताना बिघडतं, म्हणजे टाकीखालच्या व्हॉल्व्हमध्येच पाणी मुरतंय, असं त्या म्हणत राहिल्या. शेवटी साहेबांनी तो उघडायला परवानगी दिली, पण झटपट उरका म्हणाले.

वहिनींनी झटपट काहीच केलं नाही. लाइन रिकामी केली. व्हॉल्व्ह चालवणारी दाबाची हवा तोडली, दाबाचा काटा शून्यावर आलेला पाहिला. पाइपांच्या धुलाईच्या पंपाच्या स्विचला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. मग क्लॅम्प सोडला आणि मनगटापर्यंत हात आत घातला.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. दुसऱ्या हाताने त्यांनी तो उचलला.

"वहिनी, धुलाईची वेळ झाली. मी बटण दाबतोय, पण पंप चालूच होत नाही."

"कारण माझा हात पाइपात आहे, भाऊजी."

पंप चालला असता तर धुलाईचं उकळतं कॉस्टिक सोड्याचं पाणी त्या हातावर आलं असतं. व्हॉल्व्ह उघडणार हे दिराला सकाळीच सांगितलं होतं. तरी सवयीने त्याचं बोट बटणावर गेलं होतं. तो धावत खाली आला, चेहरा पांढराफटक.

"आलाच आहात तर बॅटरी धरा," वहिनी म्हणाल्या.

उजेडात रबरी सील दिसलं. त्याला केसाएवढी चीर होती आणि चिरेत जुनं दूध पिठासारखं साचून आंबलं होतं. वासाने दोघांनीही नाक मुरडलं, आणि मग दोघंही हसत सुटले. वहिनींनी सील बसायची खाच पुसली, नवं सील बोटांनीच दाबून बसवलं. सगळं जोडून झाल्यावर कुलूप काढलं आणि दिराला धुलाई सुरू करायला सांगितलं. क्लॅम्पवर थेंबही आला नाही.

नव्या दुधाचे नमुने लॅबमध्ये गेले, ते स्वच्छ निघाले. पिशव्या दुकानांत टिकल्या, तक्रारी थांबल्या. साहेबांनी दूध घालणाऱ्यांना एकेक करून स्वतः फोन केले आणि चूक आपल्याकडेच होती हे कबूल केलं.

लॅबमधल्या बाईंनी वहिनींपुढे पेलाभर थंड दूध ठेवलं. सगळे बघत असताना वहिनींनी ते एका दमात संपवलं आणि ओठांवरच्या पांढऱ्या मिशांसकट पुढच्या व्हॉल्व्हकडे निघाल्या.