चांद्याचा ऐतवार

मी चांद्या बोलतोय, देवदानचा बैल. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांद्या. आळंदच्या बाजारात देवदाननं मला गोऱ्हा असताना घेतलं. घेताना दात नंतर पाहिले, आधी पाठीवरून हात फिरवला. तेव्हाच वाटलं, मालक बरा दिसतो.

त्याच्याकडे बैल एकच. शेजारच्या माणिकप्पाकडेही एकच, बसू. एकमेकांना बैल द्यायचा, अशी दोघांनी सावड केली आणि आमची जोडी लागली. मजा पुढेच होती. देवदान ख्रिस्ती, तो रविवारी मला जुंपत नसे. माणिकप्पा बसवण्णाचा भक्त, सोमवारी बसूच्या खांद्यावर जू ठेवत नसे. एका बैलानं नांगर चालत नाही, म्हणून दोघांनाही दोन-दोन दिवस आराम! गावातले बाकीचे बैल आमच्यावर जळत.

एका साली पाऊस फार लांबला. आला तो शुक्रवारी आणि चिखल सुकून पेरणीजोगा वापसा झाला नेमका रविवारी. देवदानचं काळं रान ओल धरून राहणारं. माणिकप्पाचं मात्र माळाचं, लाल मुरमाचं. तो सकाळीच आला. चेहरा उतरलेला.

"देवदानअण्णा, ऊन बघायलास न्हवं? मंगळवारपातुर वल ऱ्हाती का? तूर गेली तर वर्ष गेलं माझं. आजच्या दिस चांद्याला दे."

देवदानची सून रूपाली चुलीपुढून म्हणाली, "द्या की मामा. बैलाला काय कळतंय ऐतवार?"

मला चांगला कळतो. त्या दिवशी खांद्यावर जू नसतं. याहून जास्त काय कळायचं असतं?

देवदान माझ्याजवळ आला. मित्र अडलेला, आणि तो माझ्या दाव्याला हात लावून उभा.

"माणिकप्पा," तो म्हणाला, "देवानं विसावा दिला तवा बैलालाबी दिला. रान त्याचं, जित्राब त्याचं. आपुन नुस्ते राखणदार. माझा ऐतवार माझा हाय, तो घे. ह्याचा मी कसा देऊ?"

देवदाननं चर्चमध्ये शब्द टाकला. प्रार्थना संपली आणि सगळी मंडळी इस्त्रीच्या कपड्यांनिशी माणिकप्पाच्या माळावर आली. खुरप्यानं भोक पाडायचं, तुरीचे दोन दाणे टाकायचे, पायानं माती लोटायची. रूपाली कुरकुरत आली, पण हात तिचाच सगळ्यांत चपळ. प्रार्थना सांगणाऱ्या पाळकसाहेबांनीही पॅन्ट दुमडली. माणसं वाकलेली आणि मी बाभळीखाली रवंथ करतोय, असा देखावा कुठल्या बैलाच्या नशिबी असतो? उरलेलं सोमवारी तसंच हातानं झालं.

तूर छान उगवली. पाळकसाहेबांच्या ओळी तेवढ्या वाकड्या. माणिकप्पा रास होईपर्यंत त्यावरून हसत होता.

आता बसू नाही. देवदानही गेला. माझे गुडघे धरलेत, डोळ्यांना अंधूक दिसतं. परवा गुरांचा एक दलाल दारात आला. माझ्याभोवती फिरून म्हणाला, "बसून खायलाय की ह्यो! कामून ठिवलाव?"

मी मान खाली घातली. रूपालीनं पेंडीची पाटी माझ्यापुढे सारली.

"त्याचे कामाचे सहा दिस भरले, दादा. आता त्याचा ऐतवार चालू हाय."

तुमच्याही दावणीला कुणाचा ऐतवार उगवला असेल, तर तेवढा मोडू नका.