पापणीला गार लागलेली अंडी

मित्रांनो, भिंतीवर टांगलेला मी एक जुना थर्मामीटर. लाकडाची पट्टी, तिच्यावर काचेची नळी आणि नळीत लाल रेघ, एवढाच माझा संसार. कारखान्यात मला आधी बर्फात बुडवून एक खूण केली, मग कढत पाण्यात घालून दुसरी. एवढं सोसल्यावर आपल्या पोटात खोटं राहणार नाही, अशी माझी समजूत होती. तसा मी जरा ताठाच मिरवायचो.

मला विकत घेतलं ते अंडी उबवणाऱ्या एका कुटुंबाने. पुढच्या बाजूला त्यांचं घर, मागे उबवणीची खोली. या खोलीला खिडकी नाही. आत कायम सारखीच ऊब, एक मंद दिवा आणि ट्रेमध्ये ओळीने निजलेली अंडी. दिवस काय, रात्र काय, इथे सारखंच. नवखा माणूस आत आला की उगीचच हळू बोलू लागतो. इतक्या जणांच्या मधोमध आपण उभे आहोत आणि एकाचंही तोंड दिसत नाही, हे त्याच्या लक्षात येतं.

ही खोली धाकट्या सुनेच्या हाती होती. तिला सगळे पापणीवाली म्हणत. ती एक अंडं उचलायची, डोळे मिटून पापणीला लावायची आणि सांगायची, "थोडी ऊब वाढवा," किंवा "बरोबर आहे." एकदा माझ्या नळीतली रेघ मधेच तुटली आणि मी भलताच आकडा दाखवत बसलो. तिने पापणीवरून ते ओळखलं, मला खाली उतरवून झटकलं, आणि अंडी वाचली. तेव्हापासून तिचा शब्द शेवटचा ठरला. मी उरलो भिंतीच्या शोभेपुरता. वाईट वाटलं, पण चूक माझीच होती.

मग एका हिवाळ्यात काहीतरी बदललं.

खोलीच्या दाराला काच आहे. काचेपलीकडे खाट. राखणीच्या रात्री पापणीवाली तिथे झोपे. कुणी हाक मारावी तशी ती एकदम उठून बसायची. चेहरा लालबुंद, मानेवरून घामाच्या धारा. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि ही अनवाणी फरशीवर उभी. कपडे बदलून ती येरझाऱ्या घालायची, आणि चादरीवर तिच्याच आकाराचा ओला डाग पडून असायचा. डोकं, खांदे, पाठ, सगळं. ती इकडे चालते आहे आणि तिकडे तीच निजली आहे, असं वाटून मला धडकी भरायची. थोड्या वेळाने तिचे दात वाजू लागायचे.

मी माझी रेघ पुन्हा पुन्हा पाहायचो. ती जागच्या जागी. मग ही आग होती तरी कुठे?

दिवसाही तेच. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. जेवताजेवता ती उठून दार उघडायची. "अगं, वारं केवढं येतंय!" घरचे ओरडायचे. नवरा म्हणायचा, "हिचं डोकं तापलंय," आणि सगळे हसायचे. तीही हसायची.

अंडी फुटायला जेमतेम एक दिवस उरला होता. या वेळी अंडं दिव्यापुढे धरलं तरी आत काळोखच दिसतो, कारण पिल्लाने सगळी जागा व्यापलेली असते. दुपारी ती आत आली. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. पहिल्या ट्रेपाशी पोचली आणि अंगात तीच आगीची लहर उठली. छातीतून मानेवर, मानेवरून कपाळावर. त्याच क्षणी तिने अंडं पापणीला लावलं आणि दचकली. दुसरं लावलं. तिसरं लावलं.

"गार," ती पुटपुटली. "गार पडलीत सगळी."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझी रेघ बरोबर खुणेवर होती. तिने काचेवर टिचकी मारली. "हा मेला पुन्हा बिघडला."

अगं बाई, अंडी गार नाहीत, तूच पेटली आहेस! पण हे सांगणार कसं? खोलीभर बारीक टकटक चालू होती. कवचांच्या आतून चोची आपटत होत्या. मला स्वच्छ ऐकू येत होतं. तिला नाही, कारण तिच्या कानात तिचंच काळीज धडधडत होतं. त्या टकटकीच्या मधोमध उभी राहून ती म्हणाली, "मेली. एकूण एक मेली."

तिने थोरल्या जावेला हाक मारली. पापणीवालीच्या शब्दापुढे बोलायची जावेची काय टाप? दोघी ट्रे उचलून मागच्या शेडमध्ये नेऊ लागल्या. एकेक फळी रिकामी होत गेली. टकटकही विरळ होत गेली. शेवटी मी आणि दिवा, दोघेच उरलो.

तेवढ्यात शेडमधून जावेची किंकाळी आली. "अगं ए, धाव! बोलतायत ती!"

न फुटलेल्या अंड्यांतून, त्या थंड अंधारातून, चिवचिव येत होती. दोघींनी धावतपळत ट्रे परत आणले. पण सगळ्यांत आधी नेलेले ट्रे फार वेळ थंडीत राहिले होते. ते गप्प होते.

पापणीवाली माझ्याखाली फरशीवर बसली. "ताई, मला काहीतरी लागलंय. आतून कुणीतरी चूल पेटवतं आणि निघून जातं. माझं अंग माझं राहिलं नाही."

"लागलंय डोंबल! पाळी कधी आली होती शेवटची?"

"झाले की बरेच महिने."

"मग तेच. मी नाही का भर थंडीत खिडक्या सताड उघड्या टाकून झोपायचे? तुझे दीर बिचारे घोंगडं गुंडाळून स्वयंपाकघरात!"

पापणीवालीला हसू आलं नाही. "मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

जावेने गार पडलेला एक ट्रे बाजूला सरकवला. "मला तरी कुणी सांगितलं होतं?"

दुसऱ्याच दिवशी जावेने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, आणि हा आजार नाही, पाळी थांबण्याच्या वयाचा पालट आहे, असं समजावलं. आता ती जाड कोटाऐवजी सुती कपडे एकावर एक घालते, म्हणजे एकेक काढता येतो. संध्याकाळनंतरची कडक कॉफी तिने सोडली. उशाशी गार पाणी असतं. तेवढ्याने भागेना, तेव्हा ती पुन्हा गेली आणि औषध घेऊन आली. लहरी अजून येतात, पण कमी. आली की ती सगळ्यांदेखत म्हणते, "आली गं," आणि जाऊ तिच्या हातातलं अंडं काढून घेते. ती बाहेर पायरीवर सावकाश श्वास घेत बसते आणि लहर ओसरली की परत येते.

मित्रांनो, ते गप्प झालेले ट्रे मला अजून दिसतात. त्या हिवाळ्यात उघडी दारं सगळ्यांनी पाहिली, रोज वाळत घातलेली चादर सगळ्यांनी पाहिली, आणि विचारलं कुणीच नाही. तुमच्या घरातली कुणी भरल्या ताटावरून उठून खिडकीशी गेली, तर हसू नका. जवळ जाऊन विचारा. मी खोलीची ऊब सांगतो, तिच्या आतली मला कळत नाही. आणि कळली असती तरी मला तोंड नाही. तुम्हाला आहे.